कारभारी बोलत राहिला

केदारखेड्यात पूर्णेच्या काठाला कारभारी मुरकुटेची जमीन होती. काळी, ओल धरून ठेवणारी. कापूस चांगला यायचा, ज्वारी वर्षभर पुरून उरायची, गोठ्यात बैलजोडी होती आणि धाब्याचं घर पावसात फारसं गळत नव्हतं. निजामाच्या राज्यात, भोकरदन तालुक्यात, एवढं असलेला माणूस सुखी समजला जाई. कारभारीला मात्र कुणी तोंडावर सुखी म्हटलं असतं, तर त्याला तो अपमान वाटला असता.

"कसं काय कारभारी, बरंय ना?" असं पारावर कुणी सहज विचारलं, की विचारणारा अडकला.

"काय बरं राह्यतंय बापा," कारभारी सुरू करायचा. "पाठ धरून राह्यली. डोळ्याला डोळा लागत न्हाई. एकट्या माणसानं करायचं म्हंजे किती करायचं? औत मी, राखण मी, बाजार मी. माझ्या जागी दुसरा असता तर कव्हाच आडवा झाला असता."

मग पारावरच्या एकाला तंबाखू आणायची आठवण व्हायची, दुसऱ्याला शेळी सुटल्याचा भास व्हायचा. राहिलेला एखादा म्हातारा ऐकत बसायचा, आणि बहुतेक वेळा तो पेंगत असायचा.

कारभारी खोटं बोलत नव्हता. तो खरोखर थकायचा. उजाडायच्या आत शेतावर जायचा, दिवस मावळल्यावर परत यायचा. दारूला शिवला नव्हता, बायकोवर हात उगारला नव्हता, कुणाचा बांध कोरला नव्हता. फक्त गावात आपल्याशिवाय आणखी कुणी थकत असेल, ही गोष्ट त्याच्या मनाला कधी शिवली नव्हती.

शेजारच्या भुजंगचा बैल वैशाखात साप चावून मेला. पेरणी तोंडावर, दुसरा बैल घ्यायची ऐपत नाही. कारभारी त्याच्याकडे गेला. भुजंग दाराशी डोकं धरून बसला होता. कारभारी त्याच्याजवळ टेकला आणि म्हणाला, "माझा तांबडा गेल्ता ना, तव्हा मला अन्न गोड लागंना." तिथून जी तांबड्याची गोष्ट सुरू झाली, ती त्याला कुठून विकत आणला, तो कसा चालायचा, कोणत्या रोगानं गेला, इथपर्यंत चालली. भुजंगची बायको साळूबाई दोनदा पाणी घेऊन आली. शेवटी भुजंगच म्हणाला, "जाऊ द्या कारभारी, जीवाला लावून घेऊ नका." कारभारी डोळे पुसत उठला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "भुजंगाला धीर देऊन आलो."

बायकोनं मान हलवली.

बायको झुंबरबाई हे त्याच्या घरातलं हक्काचं माणूस. पारावरची माणसं उठून जायची, झुंबरबाई उठून जात नव्हती. तो जेवायला बसला की ती समोर बसायची, आणि तो दिवसभराचं सांगत राहायचा. बैल कसा अडला, आभाळ कसं आलं आणि गेलं, कोण कसं उलटं बोललं. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायची. पूर्वी ती अशी पाहत नसे, भाकरी थापता थापता नुसती हूं हूं करायची. गेल्या काही वर्षांत तिची नजर हलेनाशी झाली होती. कारभारीला त्याचं फार समाधान वाटे. म्हातारपण जवळ आलं तशी हिला आपली किंमत कळून राहिली, असं त्याला वाटायचं.

झुंबरबाईला ऐकू येत नव्हतं.

जगातली मोठी लढाई संपली त्या सालच्या पावसाळ्यात तिला हिवताप आला होता. एक उतरला की दुसरा. कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन ताप गेला, पण कानात भुणभुण बसली ती बसलीच. पुढं भुणभुणही गेली आणि तिच्या मागं सगळेच आवाज गेले. आधी पाखरांचे, मग माणसांचे, शेवटी जात्याचा. पाणवठ्यावरच्या बायकांना हे पहिल्या महिन्यातच कळलं. त्या तिच्या पुढं येऊन बोलू लागल्या, हातानं खुणा करू लागल्या. लेक गोजर धाडच्या पलीकडे, वऱ्हाडात दिलेली होती. ती दिवाळीला आली आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं. कळलं नव्हतं ते कारभारीला. तो बोलत होता आणि ती मान हलवत होती. त्याला तेवढंच लागत होतं.

अठ्ठेचाळीस साल आलं आणि सगळा मुलूख अस्वस्थ झाला. इंग्रज जाऊन वर्ष होत आलं होतं, पण इथं राज्य निजामाचंच होतं आणि रझाकारांच्या टोळ्यांच्या बातम्या गावोगाव फिरत होत्या. अमक्या गावात आग लावली, तमक्या गावची माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. खरं किती, खोटं किती, कुणाला ठाऊक नव्हतं. केदारखेड्याच्या घराघरांत गाठोडी बांधून ठेवलेली होती.

भाद्रपदात एका दुपारी, बारीक पाऊस पडत असताना, जाफराबादच्या वाटेनं एक माणूस पळत आला. मोटारींचा आवाज येतोय, एवढंच तो बोलला. त्यापुढचं लोकांनी आपल्या मनानं जोडलं. बघता बघता गाव उठलं. दारं आपटू लागली, म्हातारी माणसं गाड्यांत घातली गेली, कुत्री भुंकू लागली.

कारभारी शेतातून धावत आला. अंगणात उभं राहून त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ये! गाडीत बस! चल जल्दी!" उत्तराची वाट पाहायची त्याला सवय नव्हती. त्यानं ज्वारीची पोती गाडीत टाकली, भांडी टाकली, बैल जुंपले आणि डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पुढं बसला. पाठीमागून भुजंग म्हणाला, "कारभारी, आमचं गाठोडं तुमच्या गाडीत टाकतो हो, आम्ही चालत येतो." कारभारीनं ते ऐकलं नाही. गाडी मागून जराशी दबली, एवढं त्याला जाणवलं. बायको बसली, असं त्याला वाटलं आणि त्यानं बैल हाकले.

झुंबरबाई त्या वेळी गोठ्याच्या मागं होती. कुडाला पावसानं भोकं पडली होती, ती वळचणीखाली बसून शेणमातीनं लिंपत होती. तिची पाठ गावाकडे होती.

धाडच्या वाटेला लागल्यावर गाड्यांची रांग झाली. चिखलात चाकं रुतत होती. कारभारी भ्यालेला होता आणि भ्याला की तो जास्तच बोलायचा.

"माझंच नशीब असं," तो पाठीमागं न बघता सांगू लागला. "कापूस असा उभा राह्यलेला, अन् आता टाकून चाललो. दुसऱ्यांचं काय, त्यांच्या रानात हाय काय? मरण माझं झालं. त्या गोजरच्या सासरी किती दिवस पडून राह्यचं? जावयाच्या दारात बसून खायला माझ्या जीवावर येतं. तुला काय त्याचं, तू बसशील लेकीजवळ. पण माझी इज्जत जाती ना. तू ऐकून राह्यली ना? माझी पाठ आत्ताच कशी झालीय बघ..."

असा तो बराच वेळ बोलला. पावसाचं पाणी खोळीवरून ओघळत होतं. बोलून बोलून त्याचा घसा सुकला. एका ओढ्याशी गाड्या खोळंबल्या तेव्हा तो म्हणाला, "पाणी दे जरा."

हातात तांब्या आला नाही. त्यानं हात मागं तसाच धरून ठेवला आणि चिडून मान वळवली.

गाडीत पोती होती, भांडी होती आणि भुजंगच्या घरचं मोठं गाठोडं होतं. झुंबरबाई नव्हती.

क्षणभर त्याला वाटलं, खाली उतरून चालत असेल. तो उतरला, मागच्या गाड्या बघून आला, पुढच्या बघून आला. भुजंग आणि साळूबाई भुजंगच्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून चिखलातून येत होते.

"आमच्या घरची बघितली का?" त्यानं विचारलं.

साळूबाई थबकली. "तुमच्या गाडीत न्हाई? मला वाटलं, पुढं बायकांच्या गाडीत बसली असंल."

"मी हाक मारल्ती की तिला! अंगणातून. चांगली मोठ्यांदा."

"हाक?" साळूबाई म्हणाली. "कारभारी दादा, हाक मारून काय व्हणार? जवळ जाऊन हात न्हाई धरला तुम्ही?"

"कामून? हाक ऐकू येत न्हाई का तिला?"

साळूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. भुजंगनं खाली पाहिलं. मग साळूबाई हळूच म्हणाली, "अवं, तीन वर्सं झाली. तापातून उठली तव्हापासून तिला काहीच ऐकू येत न्हाई. साऱ्या गावाला ठाऊक हाय. तुमाला...?"

कारभारी तिथंच उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि ही गोष्ट गावातल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिली.

भुजंगनं पुढं होऊन बैलांच्या कासऱ्याला हात घातला. "तुम्ही माघारी जा," तो म्हणाला. "मी गाडी गोजरच्या घरी नेऊन लावतो. बैलांचं बघतो मी. जा तुम्ही."

कारभारी उलट्या वाटेनं चालू लागला. समोरून गाड्या येत होत्या. लोक ओरडत होते, अरे तिकडं कुठं, वेड लागलं का. तो कुणाला काही बोलला नाही. पुढं गाड्या संपल्या आणि वाट मोकळी झाली. दोन्ही बाजूला कंबरेएवढा कापूस, आणि पावसाचा बारीक आवाज.

चालताना त्याच्या मनात आपोआप बोलणं सुरू झालं. हे सगळं लोकांना कसं सांगायचं, याची जुळवाजुळव. 'माझ्यावर काय वेळ आली बघा. बायको मागं राहिली, मी एकटा चिखलातून माघारी गेलो, जीव मुठीत धरून...' असं बरंच जुळत आलं आणि मग तो मध्येच अडखळला. वेळ कुणावर आली होती? ती तिथं एकटी होती, ते त्याच्या गोष्टीत कुठंच नव्हतं. तिच्या जागेवरून गोष्ट कशी दिसते, ते त्यानं आठवून पाहिलं आणि त्याला काहीच दिसेना. तीस वर्षं एका घरात काढलेल्या बाईला आत्ता काय वाटत असेल, हे त्याला सांगता येत नव्हतं.

मग एक जुनी गोष्ट आठवली. तापानंतरच्या दिवाळीत ती त्याला म्हणाली होती, "अवं, मला ऐकू येईना झालंय." तो तेव्हा बैलाच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं वर न पाहता उत्तर दिलं होतं, "या घरात माझं तरी कोण ऐकतं?" आणि स्वतःच्या त्या बोलण्यावर तो तेव्हा खूश झाला होता. पारावर जाऊन सांगितलंही होतं.

गाव आलं तेव्हा दिवस कलला होता. पाऊस थांबला होता. एकही चूल पेटलेली नव्हती. कुठंतरी बांधलेलं वासरू हंबरत होतं. जाळपोळ नाही, मोडतोड नाही. रझाकार आलेच नव्हते. पुढं कळलं, ज्यांचा आवाज आला त्या धान्याच्या दोन लॉऱ्या होत्या आणि त्याही पलीकडच्या नाल्यात रुतून बसल्या होत्या.

त्याच्या घराच्या ओट्यावर दोन बायका बसलेल्या होत्या. एक झुंबरबाई. दुसरी गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी मेहबूबबी, गाद्यांचा कापूस पिंजून पोट भरणारी. मेहबूबबीनं झुंबरबाईचा हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

"आ गया रे बाबा," मेहबूबबी म्हणाली. "कैसा आदमी है तू? ये घर घर फिर रही थी. सबके दरवाजे बजा रही थी."

"तुम्ही न्हाई गेल्या?" कारभारीनं विचारलं.

"मैं कहाँ जाती? इदरीच पैदा हुई, इदरीच मरूँगी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, झुंबरबाईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या घराकडे चालू लागली.

झुंबरबाईच्या हाताला अजून शेणमाती होती, वाळून तडकलेली. ती रडली नव्हती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बैल कुठंयत?"

कारभारी एकदम बोलू लागला. लोक कसे पळाले, तो कसा आला, त्यानं हाक कशी मारली, गाठोडं, ओढा, भुजंग, सगळं एका दमात. ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. तीच नजर. तिचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

"हळू बोला," ती म्हणाली. "एवढं सगळं एकदम कळत न्हाई मला."

तो थांबला. तिच्या समोर खाली बसला. एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "तू सांगितलं कामून न्हाई?"

"दोनदा सांगितलं. तुमचं ध्यान बैलात व्हतं." तिचा आवाज सपाट होता, तक्रार केल्यासारखा नव्हता. "मंग म्हणलं, राहू द्या. ऐकू येत व्हतं तव्हा तरी मला काय सांगायचं राह्यचं? तुम्ही बोलायचे, मी हूं म्हणायची. आता मान हालवते. काय फरक पडला?"

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मी गोठ्यामागून आले तर गल्लीत कुणीच न्हाई. आधी वाटलं, कुणाची मयत झाली, समदे नदीवर गेले. नदीवर गेले, तिथं न्हाई. मंग वाटलं, मला टाकून गेले."

"कोण?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

यावर काहीही हळूहळू, शब्द शब्द वेगळा करून तिच्या तोंडावर बोलायची कारभारीची हिंमत नव्हती. तो उठला, घागर घेऊन आडावर गेला आणि तिच्या हातापायांवर पाणी ओतलं. ती चूल पेटवायला आत गेली.

पुढच्या काही दिवसांत हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामानं हात वर केले, आणि लोक गावाला परतले. भुजंग गाडी घेऊन आला. बैल नीट होते, एक पोतंसुद्धा कमी नव्हतं. गाडीत गोजरही होती. ती उतरली ती आईच्या गळ्यात पडली आणि मग बापाकडे वळली.

"बाबा, मी दर दिवाळीला आईशी खुणा करून बोलून राह्यले. तुम्ही बाजूलाच बसलेले असता. तुमाला काय वाटायचं, आम्ही काय खेळून राह्यलोत?"

"मला वाटायचं, मायलेकींचं काहीतरी असंल," कारभारी म्हणाला. त्यानं खरं तेच सांगितलं. गोजरला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर कारभारी एकदम बदलला, असं म्हणता येणार नाही. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस एका दुपारीत बदलत नाही. पण त्याच्या बोलण्याची वाट अडली. आता झुंबरबाईला काही सांगायचं म्हणजे काम सोडून तिच्या समोर जावं लागे, ती वर पाहीपर्यंत थांबावं लागे, शब्द सुटे करून म्हणावे लागत, आणि नाही कळलं तर हातांनी पुन्हा सांगावं लागे. पहिल्या दिवशी त्यानं पाठ दुखल्याचं असं सांगितलं. तिसऱ्यांदा कंबरेवर हात ठेवून तोंड वाकडं करून दाखवताना त्याची त्यालाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पाठ दुखली तेव्हा त्यानं विचार केला, एवढी खटपट करून सांगण्यासारखं आहे का हे? नव्हतं. असं करता करता त्याच्या ध्यानात आलं, की रोजच्या बोलण्यातलं बहुतेक सगळं तसंच होतं.

घरात शांतता झाली. ती त्याला सोसवेना. म्हणून तो तिला विचारू लागला.

सुरुवातीला झुंबरबाईला विचारलेलं कळायचंच नाही. ओठ कळायचे, पण प्रश्न आपल्याला आहे, हे पटायचं नाही. "तू जेवली का?" त्यानं विचारलं, तर ती "वाढते, वाढते," म्हणून ताट घ्यायला उठायची. पण एकदा गाठ सुटली आणि मग ती बोलू लागली. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो, तसा तिचाही झाला होता. गल्लीत ऐकू जाई. बहीण गेली तेव्हा माहेरी जाता आलं नाही, ते. दळण दळताना खांदा निघाल्यासारखा होतो, ते. ज्या वर्षी त्यानं तांबडा विकत आणला, त्या वर्षी तिला लुगडं घ्यायचं ठरलं होतं, ते.

ऐकणं सोपं नव्हतं. दिवसभर रान करून आलेल्या कारभारीला झोप यायची. मन भरकटायचं, आपलं काहीतरी मध्ये घालावंसं वाटायचं. 'मला पण तसंच झालं होतं' हे वाक्य ओठांपर्यंत यायचं. कधी तो गिळायचा, कधी ते निसटायचं. निसटलं की झुंबरबाई त्याचे ओठ वाचून गप्प व्हायची आणि त्या संध्याकाळी पुन्हा बोलायची नाही.

एकदा, ज्वारी निसवून कणसं बाहेर पडत होती त्या दिवसांत, बांधावर बसून दोघं भाकरी खात होते. ती म्हणाली, "आपलं पोरगं देवी येऊन गेलं ना."

कारभारीच्या हातातला घास थांबला. त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली होती. ती गोष्ट तिनं कधी काढली नव्हती.

"तुम्ही साऱ्यांना सांगत व्हते, माझा आधार गेला, माझ्या म्हातारपणाची काठी गेली. लोक यायचे, तुमच्याजवळ बसायचे. तुम्ही रडायचे. मी चहा करायची." ती समोरच्या रानाकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. "माझं काय गेलं, ते कुणी इचारलं न्हाई."

त्यानं तिच्या दंडाला हात लावला. तिनं मान वळवली. त्यानं विचारलं, "काय गेलं?"

तिनं हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, "त्याला झोपताना माझा कान धरायची सवय व्हती. बोटात धरून झोपायचा." एवढंच बोलून तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. कारभारीनं आपलं काही सांगितलं नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखं नव्हतंच. आपल्या पोराला अशी सवय होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात कापूस विकायला तो जालन्याला निघाला तेव्हा तिला बरोबर घेऊन गेला. नवीन जालन्यात स्टेशनाच्या बाजूला एक डॉक्टर कान तपासतो, असं त्याला आडतीवर माल घेणाऱ्या मदनलालशेटनं सांगितलं होतं. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, कानामागं घंटीसारखं काही वाजवलं आणि विचारलं, "त्रास कधीपासून?"

"मला तर आत्ताच कळलं, डॉक्टरसाहेब, माझी तर..." कारभारी म्हणाला आणि थांबला. मग वळून बायकोला हळूहळू म्हणाला, "ते इचारतात. तू सांग."

तिनं सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. तापानं असेल, नाहीतर कोयनेलनं असेल, आतली नस गेली आहे. इलाज नाही. असं तो कारभारीला म्हणाला आणि कारभारीनं ते तिला सांगितलं. एक शब्दही गाळला नाही, गोड केला नाही.

"मला ठाऊकच व्हतं," ती म्हणाली. "चला."

मस्तगडच्या बाजारात त्यानं तिला लुगडं घेऊन दिलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली आणि पिशवीत ठेवलं. त्याला वाटलं होतं, ती हरखेल. ती नुसती दमली होती. परतताना तिनं गाडीत डोळे मिटले ते गाव येईपर्यंत उघडले नाहीत.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस तो तिच्या मागं मागं होता. काय वाटतं, दुखतं का, राग आला का, लुगडं आवडलं नाही का, मनात काही आहे का. ती चुलीपुढं बसली की तो समोर जाऊन बसायचा आणि ओठ हलवायचा. संध्याकाळी एकदा तिनं पीठ मळायची काठवट बाजूला सारली.

"आज काही इचारू नका," ती म्हणाली. "माझ्यासाठी इचारून राह्यले, का तुमच्या जीवाला बरं वाटावं म्हणून? तुमचे ओठ बघून बघून डोळे दुखतात माझे. दिवसभर माणसांची तोंडं बघायची म्हंजे काय असतं, तुमाला न्हाई कळायचं. थकले मी. जरा गप बसू द्या."

तिचे डोळे दुखत असतील, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन वर्षं तो रोज रात्रीच्या जेवणाला तिच्यासमोर बसून तासन्‌तास बोलला होता आणि तिनं एकेक शब्द डोळ्यांनी वेचला होता, किंवा वेचायचं सोडून दिलं होतं.

तो उठला. तिनं सारलेली काठवट पुन्हा तिच्याजवळ सरकवून ठेवली, चुलीत एक लाकूड लावलं आणि गोठ्यात गेला. बैलांना वैरण टाकली, शेण एका बाजूला केलं. बाहेर थंडी पडू लागली होती. गल्लीतून भुजंग चालला होता. नवा बैल अजून झाला नव्हता, दुसऱ्याच्या औतावर दिवसभर राबून आला होता.

"काय कारभारी, बरंय ना?" त्यानं चालता चालता, सवयीनं विचारलं आणि पाऊल उचललं.

"बरंय," कारभारी म्हणाला. "तू दमलेला दिसतो. बस जरा."

भुजंग घुटमळला. त्यानं कारभारीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरचं घोंगडं काढून तो गोठ्याच्या उंबऱ्याशी टेकला आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, आपलं सांगू लागला.